खराड्यांच्या भिंतीवरचा फोटो

"कापून द्या," विश्वजीत खराडे म्हणाला. "अप्पांना तेवढं ठेवा, बाकीचं सगळं कापून टाका."

माझ्या स्टुडिओत, माझ्या बाकावर बसून तो हे मला सांगत होता. 'बाकीचं सगळं' म्हणजे माझी मुलगी हेमलता.

त्याने काउंटरवर ठेवलेला फोटो मी हातात घेतला नाही. घेण्याची आवश्यकता नव्हती. विश्वजीत आणि हेमाच्या लग्नात, गडहिंग्लजला आमच्याच दारच्या मांडवात, माझ्या यजमानांनी तो काढला होता. पाटावर बसलेली नवरी आणि तिच्या मस्तकावर आशीर्वादाचा हात ठेवून किंचित वाकलेले सासरे, अप्पासाहेब खराडे. आता त्यात नवरी नव्हती. कोणी तरी ब्लेड सरळ खाली ओढले होते. अप्पासाहेबांचा हात मनगटाशी तुटला होता.

ते ब्लेड कोणाचे हे मला ठाऊक होते. हेमा निपाणीला खराड्यांच्या घरी काही वर्षे नांदली. मूल झाले नाही. एका पंचमीला तिला एस.टी.त बसवून माहेरी पाठवले आणि न्यायला कोणी आले नाही. आली ती वकिलाची नोटीस. पुढे हेमाचे कपडे आणि भांडी आणायला मी स्वतः गेले, तेव्हा त्यांच्या पुढच्या सोप्यात, बैठकीच्या समोरच, हा फोटो नव्या चौकटीत लावलेला होता, असा कापून. मी त्याकडे पाहते आहे हे लक्षात येताच विश्वजीतची आई गोदाक्का म्हणाल्या होत्या, "नव्या सुनंच्या डोळ्यासमोर नगं म्हणून."

घरी येऊन मी हे यजमानांना सांगितले. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही लग्नाचा फोटो काढला नाही, आणि पुढे दोन पावसाळेही काढले नाहीत. स्टुडिओ मी चालवायला घेतला. तालुक्यात रुंद कागदाचा इंकजेट प्रिंटर पहिल्यांदा आला तो माझ्याकडे, आणि तो चालवायचा कसा हे मी दुसऱ्या कोणावर न सोपवता स्वतः शिकले.

"आमच्याकडेच का आलात, खराडे?" मी विचारले.

पूर्वी हा मला मामी म्हणत असे. आता "आक्कासाहेब" म्हणाला, तेही जमिनीकडे पाहून.

"आक्कासाहेब, अप्पांचं वर्षश्राद्ध आलंय. घरात त्यांचा फोटोच नाही. तुम्हाला माहीतच आहे, फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायचे. एवढा एकच, व्याह्यांना नाही म्हणता येईना म्हणून काढून घेतलेला. निपाणीत दाखवला, बेळगावात दाखवला, कोल्हापुरात दाखवला. मोठा केला की तोंडच राहत नाही. सगळे म्हणतात निगेटिव्ह आणा."

"निगेटिव्ह आहे. आमच्या घरात काही कापून टाकायची पद्धत नाही."

त्याने ते गिळले. "आईची नजर गेलीय. वीतभर अंतरावरचं तेवढं दिसतं. अप्पांचं तोंड एकदा मोठं दिसू दे, एवढाच धोशा लावलाय तिनं. दोन फुटांचं करून द्या."

"आई कुठे आहेत?"

"गाडीत बसलीय. आत यायला तिला कसंतरी वाटतं."

"वाटायलाच हवं," मी म्हणाले. "बसा. करून देते."

मी नाही म्हणेन असे त्याला वाटले असावे, कारण तो चमकून माझ्याकडे पाहू लागला. नाही म्हणणे सोपे होते. पण मग तो हात हलवत परत गेला असता, कापलेल्या फोटोला हार घातला असता, आणि माझे काही फिटले नसते.

मी आत जाऊन निगेटिव्ह आणले, स्कॅनरवर ठेवले. पडद्यावर हळूहळू आमचा मांडव उजळला. अप्पासाहेबांचा लाल फेटा, दोन्ही टोकांना मुरडलेली मिशी, पुढे आलेला हात, आणि हाताखाली माझी हेमा. मुंडावळ्यांची एक सर तिच्या भुवईवर आली होती. विश्वजीतने मान वळवून रस्त्याकडे पाहिले.

"इकडे पाहा," मी म्हणाले. "काय कापायचं ते तुम्ही दाखवा. नंतर तक्रार नको."

त्याने बोटाने दाखवले. फेट्यापासून छातीपर्यंत. मी तेवढाच तुकडा घेतला, दोन फुटांचा केला आणि छापायला लावला. यंत्र कुरकुरत पुढेमागे फिरले. कागद बाहेर आला तसा विश्वजीत उठून जवळ आला आणि जागीच थबकला. डोळ्यांच्या जागी तपकिरी चौकोन होते. मिशी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होती.

"हे काय?"

"हे तुमचे वडील. इंचाला चाळीस ठिपकेसुद्धा पुरले नाहीत."

"म्हणजे?"

"अंगणात ठिपक्यांची रांगोळी पाहिलीत ना? आहेत तेवढेच ठिपके घेऊन कोणी ती चावडीच्या पटांगणात काढायला बसलं, तर मोराचा मोर राहील का? संपूर्ण निगेटिव्हमध्ये एका बाजूला पाच हजारांवर ठिपके आहेत. तुम्ही त्यातला सहावा हिस्सा घेतलात आणि कागद तेवढाच मागता आहात."

तो बी.कॉम. होता आणि घरच्या तंबाखूच्या वखारीत त्याने नवा संगणक घेतला होता, हे त्याच्या बसण्यावरूनच कळत होते. त्याने खुर्ची पुढे ओढली. "थांबा, थांबा. हे रेझोल्यूशन कमी पडलंय. इथं आकडा बदलता येतो. बघू माउस."

मी माउस दिला.

त्याने आकडा पुसला, तिथे तीनशे लिहिले आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. "हे बघा. झालं तीनशे. काढा आता."

"काढते."

या खेपेस चौकोन नव्हते. संगणकाने मधले ठिपके स्वतःच्या मनाने भरले होते आणि अप्पासाहेबांचा चेहरा उकडून सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत झाला होता. विश्वजीत पुटपुटला, "अप्पांना देवी आलेल्या होत्या लहानपणी. गालावर वण होते."

"होते. तुम्ही लिहिलेल्या तीनशेत ते नाहीत."

"तुमच्या प्रिंटरच्या खोक्यावर तर चौदाशे चाळीस लिहिलंय!"

"ती शाईच्या थेंबांची मोजणी आहे. सुई बारीक घेतली म्हणून कापड वाढत नाही, खराडे."

"मग स्कॅनच जादा करा."

"त्यापुढे फिल्मचा दाणा मोठा होतो, माणूस नाही. दुरून पाहणाऱ्याला ही पहिली प्रतसुद्धा चालली असती. भिंतीवरचा फोटो माणूस चार हातांवरून पाहतो. पण तुमच्या आई तो नाक टेकवून पाहणार. त्यांना हे चौकोन दिसतील. नवरा दिसणार नाही."

तो बाकावर बसला. कोल्हापुरात नि बेळगावात त्याला जे कोणी समजावून सांगितले नव्हते, ते आता त्याला समजू लागले होते.

"मग करायचं काय?"

"संपूर्ण फोटो दोन फुटांचा काढायचा. इंचाला दोनशेच्या वर ठिपके बसतात. वीतभरावरूनसुद्धा स्वच्छ दिसेल."

"पण त्यात ती आहे."

"आहे."

"पुसता येत नाही का? कॉम्प्युटरवर पुसतात की माणसं."

"पुसते ना. मग हात कोठे ठेवू?" मी पडद्यावर बोट ठेवले. "हा असा अधांतरी दिसेल, देवळाबाहेर पसरल्यासारखा. तुमच्या दुसरीचा फोटो आणा, तिचं डोकं बसवून देते हाताखाली."

क्षणभर त्याच्या डोळ्यांत खरोखरच विचार चमकून गेला. तो पाहून मला हसू आले.

"पण लोक विचारतील, अप्पासाहेब त्या लग्नाला होते कुठे? ते तर वखारीला आतून कडी घालून बसले होते, असं आम्ही ऐकलं."

त्याने मान खाली घातली. ऐकलेले खरे होते. अप्पासाहेबांनी दुसरे लग्न पाहिले नाही. पण पहिली सून दाराबाहेर जाताना त्यांनी तोंडही उघडले नाही, हेही मी विसरले नव्हते.

"अख्खा काढा," तो शेवटी म्हणाला. "घरी नेऊन मी कापीन."

"अवश्य कापा. मात्र कुठून कापायचं ते आईंना विचारून कापा. बोलवा त्यांना आत. फोटो त्यांच्यासाठी आहे ना?"

तो गाडीकडे गेला आणि मी मोठा कागद लावला. गोदाक्का त्याच्या दंडाला धरून पायरी चढल्या तेव्हा छपाई सुरू झाली होती. बाई वाळून गेली होती. मी त्यांना 'या' म्हणाले नाही. खुर्ची पुढे केली.

इंकजेट फोटो एकदम देत नाही, चार बोटे, चार बोटे असा देतो. आधी मांडवाची झालर आली. मग फेटा आला. फेट्याखालून कपाळ, डोळे, गालांवरचे वण. विश्वजीत "अप्पा" असे काहीसे म्हणाला. मग खांदा, मग बाही, मग बाहीतून निघालेला हात. हाताखाली काय येणार हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. मी यंत्राकडे पाहत नव्हते, त्याच्याकडे पाहत होते. भांगातले कुंकू आले, मुंडावळ्या आल्या, हेमाचे डोळे आले, आणि तो उठून दारात जाऊन उभा राहिला.

शाई वाळल्यावर मी कागद टेबलावर पसरला.

"कुटं हायती?" गोदाक्कांनी विचारले.

मी त्यांचे डोके धरून योग्य जागी आणले. त्यांचे नाक कागदाला जवळजवळ टेकले.

"चष्म्याला दोरा हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो बघ. दांडी मोडलेली. लग्नाच्या गडबडीत नवा कुटला, म्हून मीच बांधला पांढरा दोरा. विश्या, बघ रं, दोरा सुदीक दिसतुया!"

"दिसतोय, आई," तो दारातूनच म्हणाला.

त्यांचे बोट चष्म्यावरून गालावर आले, गालावरून खांद्यावर, बाहीवरून पुढे सरकत हातावर. तिथे थांबले. मग हाताखाली गेले.

"ही कोन?"

त्यांनी बोट मुंडावळ्यांवरून फिरवले.

"हेमा व्हय?"

"तुमची सून, विहीणबाई," मी म्हणाले. "तुम्ही कापलेली."

मला वाटले होते, त्या चिडतील किंवा रडतील. दोन्हींची मी तयारी ठेवली होती. त्यांनी फक्त बोट परत हातावर आणले आणि मनगटापाशी कागदावरून एक रेघ ओढली, जिथून पूर्वी ब्लेड फिरले होते तिथून.

"हितनं तोडला मी त्यांचा हात," त्या म्हणाल्या. "त्या दिसापास्नं माज्याशी सरळ बोलले न्हाईत. भाकरी वाढली की खायाचे, पर बोलायचे न्हाईत. आता पुन्ना तोडू नगंस, विश्या. हाय तसा लाव."

"आई, घरची काय म्हणेल?"

"काय म्हनायचं ते म्हनू दे. मी काय बघायला बसलीया तिचं त्वांड? मला दिसतंय कुटं?"

अशा रीतीने माझी मुलगी, दोन फुटांच्या चौकटीत, पुन्हा खराड्यांच्या सोप्यात गेली. बैठकीच्या समोर, सर्वांना दिसेल अशी, सासऱ्याच्या हाताखाली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी पायरीवर उभी होते. इतक्या वर्षांत भूक अशी लागली नव्हती. मी आत जाऊन भाकरी आणि तिळाची चटणी वाढून घेतली आणि पोटभर जेवले.

हेमा तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. संध्याकाळी ती परतली तेव्हा फसलेल्या दोन प्रती टेबलावरच होत्या. तिने एक उचलली, दूर धरली आणि म्हणाली, "हे अप्पा आहेत ना?"

मी सर्व सांगितले. ती आनंदेल अशी माझी अपेक्षा होती. तिने प्रत खाली ठेवली.

"मला विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? तुझी जागा तुला परत मिळवून दिली."

"ती जागा मला हवी होती असं कोण म्हणालं? लग्न ठरवलंत, विचारलं नाहीत. त्यांनी घालवलं, विचारलं नाही. आता तू भिंतीवर टांगलंस." तिचा आवाज चढला नव्हता, आणि हीच तिची वाईट खोड आहे. "त्या सोप्यात मी कधी खुर्चीवर बसले नाही, आई. उंबऱ्याशी उभी असायची. आता रात्रंदिवस तिथंच."

"हाताखाली आहेस. उंबऱ्याशी नाहीस."

"हात काढून घेतलेलाच होता त्यांनी," ती म्हणाली आणि आत गेली. पुढे कित्येक दिवस आमच्यात कामापुरते बोलणे होते. मी माघार घेतली नाही. माघार घेणे माझ्या स्वभावात नाही. मात्र तिचा 'विचारलंस?' हा एक शब्द मनात रुतून राहिला होता, आणि पुढच्या वेळी तो मी वापरायचा ठरवला.

पुढची वेळ येणार याविषयी मला शंका नव्हती.

विश्वजीत आला तो वर्षश्राद्धानंतर, भर दुपारी. या वेळी बाकावर टेकला, बसला नाही.

"आक्कासाहेब, तो फोटो बदलून द्या."

"छपाईत काही दोष आहे?"

"दोष कसला! दोष असता तर बरं झालं असतं. पापणी न् पापणी दिसतेय." त्याने घाम पुसला. "घरची सोप्यात पाऊल टाकत नाही. पाहुण्यांना पाणी मीच नेऊन देतो. पोरगी विचारते, आजोबांच्या हाताखालची काकू कोण? तंबाखू निवडायला बायका येतात वखारीत, त्या अप्पांच्या पाया पडायला म्हणून येतात आणि फोटोतल्या तिच्याकडं बघून म्हणतात, 'हेमावैनी कशा हायत्या? बरं हाय न्हवं?' माझ्या तोंडावर! आई म्हणते, हात लावशील तर अन्न सोडीन."

"मग?"

"मग काय, मार्ग काढा काहीतरी. अप्पांचं एकट्याचं काहीही असलं तरी…"

"आहे," मी म्हणाले.

त्याला कळले नाही. मी संगणक लावला आणि पडदा त्याच्याकडे फिरवला.

त्या लग्नाच्या सकाळी अप्पासाहेब फेटा बांधून घेत होते. कोणी तरी काही थट्टा केली आणि ते डोके मागे टाकून मोठ्याने हसले. माझ्या यजमानांनी त्यांना न कळत तेवढा क्षण टिपला. चेहरा चौकटभर. एकटे. कळले तर रागावतील म्हणून तो कधी छापला नव्हता. दोन फूट काय, तो चार फूट केला असता तरी एकेक वण मोजता आला असता.

विश्वजीत पडद्याकडे पाहत राहिला. बाप असा हसलेला त्याने बहुधा पाहिला नव्हता. मग त्याची मान सावकाश माझ्याकडे वळली.

"हा… हा त्या दिवशी पण तुमच्याकडं होता?"

"वीस वर्षं आहे."

"आणि तुम्ही मला त्या दिवशी तीन-तीन वेळा…"

"तुम्ही मला वडिलांचा फोटो मागितला नाहीत, खराडे. माझी मुलगी कापून मागितलीत. ती कापली तर काय उरतं, तेवढं मी दाखवलं."

तो उठून उभा राहिला. ओरडेल असे वाटले. पण त्याच्या पाठीमागे पडद्यावर त्याचा बाप हसत होता आणि तो फोटो त्याला हवा होता. ओरडायला माणूस मोकळा असावा लागतो.

"काय घ्याल?" त्याने विचारले.

"मी काही घेणार नाही. भिंतीवरून ज्या बाईला उतरवायचं आहे, तिला विचारा. ती शाळेतून येईल इतक्यात. थांबा इथंच."

तो थांबला. हेमा आली, दारातूनच त्याला पाहून तिचा चेहरा दगडासारखा झाला. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "यांना तुला काही विचारायचं आहे. मी सांगणार नाही. ते सांगतील."

मी आत गेले नाही. तिथेच उभी राहिले. त्या माणसाला शब्दांची जुळवाजुळव करताना पाहणे हा माझा हक्क होता.

"हेमा… म्हणजे, हेमलताबाई," तो म्हणाला. "तो फोटो आमच्या सोप्यात आहे. तो जरा… घरात जरा अडचण होते. उतरवला तर… तुमची काही हरकत…"

"माझी?" हेमा म्हणाली.

"आक्कासाहेब म्हणाल्या, तुम्हाला विचारायला हवं."

तिने पुन्हा माझ्याकडे पाहिले, पण या वेळी निराळ्या नजरेने. मग पर्स टेबलावर ठेवली.

"उतरवा."

त्याने सुटकेचा श्वास सोडला. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. इतके करून ही पोरगी एका शब्दात त्याला मोकळे करते आहे!

"पण मागच्यासारखं नाही," हेमा पुढे म्हणाली. वर्गात नकाशा समजावून सांगावा तशा स्वरात. "मागच्या वेळी नुसतं एस.टी.त बसवलंत. या वेळी नीट पाठवायचं. कापायचं नाही, गुंडाळायचं नाही. चौकटीसकट, तुमच्या हातांवर. गाडी नाक्यावर लावायची आणि गल्लीतून चालत यायचं. आणि सासूबाईंनी ओटी भरायची."

"आई तुमची… कशी…" तो अडखळला.

काय म्हणायचे होते ते आम्हांला समजले. नवऱ्याने टाकलेल्या बाईची ओटी कोणी भरत नाही, आणि विधवेच्या हातून तर कोणी ती भरूनही घेत नाही. आमच्या गल्लीतल्या हळदीकुंकवांना बायका तिला ओलांडून पुढच्या बाईकडे जात.

"नसेल जमत तर राहू द्या," हेमा म्हणाली. "मी आहे तिथं बरी आहे. अप्पांच्या हाताखाली."

मी तिला जन्म दिला, वाढवले. पण ही बाई मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटली.

ते आले. नवरा हसताना दिसणार म्हटल्यावर गोदाक्काही कबूल झाल्या होत्या. रविवार होता, गल्ली घरात होती. विश्वजीत दोन्ही हातांवर चौकट धरून पुढे, त्याच्या शर्टाला धरून मागे गोदाक्का, त्यांच्या हातात नारळ आणि खण. दोन्ही बाजूंच्या दारांत माणसे उभी. कोपऱ्यावरच्या शेवंताबाई रजपूत मोठ्याने म्हणाल्या, "काय खराडे, कुणाची म्हणायची ही वरात?" तो चालत राहिला. चौकट जड होती आणि काच उन्हाने तापली असावी, कारण तो बोटे सारखी बदलत होता.

आमच्या उंबऱ्याशी गोदाक्कांनी अंदाजाने हात पुढे केला. "फोटूची भरू, का तुजी गं?"

"माझी," हेमा म्हणाली. "फोटोला पदर नसतो."

तिने पदर पसरला. त्या आंधळ्या हातांनी तांदूळ अर्धे पदरात पडले, अर्धे पायरीवर. नारळ ठेवताना गोदाक्का कुजबुजल्या, "मनात ठिवू नगंस, पोरी."

"चहा घेऊन जा," हेमा म्हणाली. ठेवणार नाही असे ती म्हणाली नाही. वाकून नमस्कारही केला नाही. मला जे हवे होते ते त्या न वाकलेल्या पाठीत होते.

मी अप्पासाहेबांचा हसरा फोटो तयार ठेवला होता, दोन फुटांचा. गोदाक्कांनी नाक टेकवले आणि त्या स्वतःच खुदकन हसल्या. विश्वजीतने चहाचा कप खाली ठेवला. "आक्कासाहेब, निगेटिव्ह दिलंत तर बरं होईल. तुम्हाला पुन्हा तसदी नको."

"तसदी कसली?" मी म्हणाले. "निगेटिव्ह स्टुडिओत असते. लागेल तेव्हा या."

लागणार हे मला ठाऊक होते. त्यांच्या सोप्याच्या त्या भिंतीवर दुपारनंतर पश्चिमेचे ऊन पडते आणि साध्या शाईचा फोटो अशा उन्हात टिकत नाही. आधी लाल रंग जातो. फेटा गुलाबी होतो, मग पांढुरका. मग चेहरा पिवळा पडू लागतो. टिकाऊ शाईचे यंत्र मी पुढल्याच वर्षी घेतले. गावातल्या सगळ्यांचे फोटो आता त्यावरच निघतात. अप्पासाहेबांचा तेवढा जुन्या यंत्रावर काढायचा, हा माझा नियम आहे.

मी आता ऐंशीच्या घरात आहे. गोदाक्का गेल्या, पण फिकुटलेला बाप भिंतीवर ठेवून कोणाला चालत नाही, म्हणून विश्वजीत दर काही वर्षांनी येतोच. शाळेतून निवृत्त झाल्यावर स्टुडिओ हेमा पाहते. तो पायरीवर चपला काढतो आणि बाकावर बसतो. हेमा हातातले काम पुरे करते, कागद पुसते, शाई तपासते. मी आतल्या खुर्चीवरून पाहत असते.

मग ती मान वर करून, कधीच न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला विचारावे तसे विचारते, "बोला, काय हवं होतं?"

आणि दर वेळी त्याला ते पहिल्यापासून सांगावे लागते.